निरोगी माणसाचा नकाशा

आमच्या कामात आजारी माणसाचं रक्त मिळवणं सोपं असतं. निरोगी माणसाचं मिळता मिळत नाही. आजारी माणूस रुग्णालयात येतोच, समजावून सांगितलं की हात पुढे करतो. धडधाकट माणसाला सुई दाखवली की त्याला लगेच एखादी मीटिंग आठवते. म्हणून अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत पडून गेली आहे. तुलनेसाठी लागणारं निरोगी रक्त आपलं आपणच द्यायचं. या रक्ताला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्या वेळी चार जणांनी दिलं, तीन पुरुष आणि मी. बाकीच्या मुलींचं हिमोग्लोबिन इतकं खाली निघालं की त्यांना खजूर खायला सांगून परत पाठवलं. मी मात्र ठणठणीत. मला त्याचा थोडा माजही होता.

काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गुणसूत्र म्हणजे एक फार लांब धागा. तो पेशीच्या इवल्याशा केंद्रात कोंबून भरलेला असतो. त्याची घडी कशी पडली आहे हे थेट दिसत नाही, म्हणून आम्ही वळसा घालून जातो. धाग्यावरच्या कुठल्या दोन जागा एकमेकींना टेकल्या आहेत एवढंच आम्ही पकडतो. असे लाखो स्पर्श मोजून त्यांचा एक चौकोनी नकाशा काढतो. नकाशाच्या आडव्या बाजूलाही तोच धागा, उभ्या बाजूलाही तोच. दोन जागा टेकत असतील तिथे लाल ठिपका, वारंवार टेकत असतील तिथे गडद लाल. याला संपर्क-नकाशा म्हणतात. प्रथिनांचेही असेच नकाशे काढतात, मी आधी काही वर्षं तेच करत होते.

घरी हे मी एकदाच समजावून सांगितलं होतं, वहिनीला. तिचं दादाशी नवीन नवीन लग्न झालं होतं आणि ती कपाटासमोर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. ती तेव्हा मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवायची. माझं सगळं ऐकून घेऊन तिने हातातली साडी वर उचलली आणि म्हणाली, "म्हणजे बघ, पदर आणि हे आतलं टोक. उलगडली तर दोघांत अख्खी साडी. पण घडीत एकमेकांना चिकटून बसलेत. तू घडी बघत नाहीस, काय कशाला चिकटलंय ते बघून घडी ओळखतेस. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. विद्यार्थ्यांना मी अजून हेच उदाहरण देते. वहिनीचं नाव मात्र सांगत नाही.

आमचं घर नाहूरला. बाबा गिरणीत होते, ती बंद पडल्यावर आम्ही परळची खोली सोडून इकडे आलो. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर आहे. माझं लग्न झालेलं नाही, आणि त्याची खंत आईला जितकी आहे तितकी मला नाही, एवढंच त्याबद्दल.

वहिनीला दिवस राहायचे आणि मूल पोटातच जायचं. पहिल्यांदा गेलं तेव्हा सगळेच म्हणाले, होतं असं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा डॉक्टरांनी दोघांची गुणसूत्रं तपासून घ्यायला सांगितलं. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आले, असं घरात कळलं. पण ते यायच्या आधीच आईने तिच्या पद्धतीने तपासणी करायची ठरवली होती. गावी जाऊन तिने देवाला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईने विचारलं, "आमच्या घराण्याचो काय दोष आसा?" डावी पडली. घराणं सुटलं. मग राहिली कोण, हे कोणी तोंडाने बोललं नाही, पण आई गावाहून आली ती वहिनीकडे न बघताच बॅग घेऊन आत गेली.

मी आईशी भांडले. खूप भांडले. "तू शिकलंस म्हणून तुका सगळा कळता?" ती म्हणाली. मला काही कळत नव्हतं हे खरंच होतं. दोघांचे रिपोर्ट नॉर्मल असताना मी तरी काय सांगणार होते?

तिसऱ्यांदा पाचव्या महिन्यात गेलं. रक्तस्राव थांबेना, आणि वहिनीची पिशवी काढावी लागली. रुग्णालयातून ती परस्पर बोरिवलीला माहेरी गेली, आराम करायला म्हणून. आराम लांबत गेला. आईने तिला परत ये असं म्हटलं नाही. दादाने म्हटलं असेल असं मला वाटायचं. मग एक दिवस जेवताना दादाच म्हणाला की ते दोघं संमतीने वेगळे होतायत. वहिनीच तसं म्हणाली होती. माझ्यापायी तुमचं कशाला अडायला हवं, तुम्ही दुसरं लग्न करा, तुम्हाला तरी मूल होऊ दे. दादा हे पानाकडे बघत सांगत होता. आईने त्याच्या पानात अजून एक पोळी वाढली.

तिला खरंच वाटत होतं की दोष तिचा आहे. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होत होता. ती रागावली असती, आम्हाला शिव्या घातल्या असत्या, तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते. पण मी फोन केला की ती म्हणायची, "तुझ्या दादाची काळजी घे गं. त्यांचं सगळं वाटोळं झालं माझ्यामुळे."

त्याच सुमारास आमचे नकाशे तयार झाले. आमचा अभ्यास रक्ताच्या कर्करोगाचा. त्या पेशींत गुणसूत्रं तुटून भलतीकडेच जोडली जातात, आणि ते नकाशावर ठळक दिसतं. दोन वेगळी गुणसूत्रं एरवी एकमेकांना फारशी टेकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामधला भाग फिकट असतो. एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेला की त्या फिकट जागेत गडद डाग उमटतो, एका कोपऱ्याशी सगळ्यात लाल आणि तिथून विरत गेलेला. दोघांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल तर असे दोन डाग कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात. एकदा पाहिला की विसरता येत नाही.

माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, एका कंट्रोलची वाट लागलीये. कोणीतरी पेशंटचा नमुना त्यात मिसळलाय. हे बघा ना."

मी बघितलं. सात आणि तेरा नंबरच्या गुणसूत्रांमध्ये दोन डाग, कोपऱ्याला कोपरा.

"टाकून देऊ या का? तीन कंट्रोल पुरतील आपल्याला," ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे असंच करतात. चार निरोगी माणसांपैकी एक वेगळा दिसला की तो माणूस वेगळा आहे असं कोणी म्हणत नाही, नमुना खराब झाला असं म्हणतात.

नमुन्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असतं, बाईत दोन, आणि आकड्यांत तो फरक लपत नाही. मी तो आकडा काढून पाहिला. नमुना बाईचा होता. रक्त दिलेली बाई आमच्या प्रयोगशाळेत एकच होती. पेशंटचा नमुना मिसळला असता तर डाग अर्धामुर्धा दिसला असता, आणि हा तर पेशीपेशीत असल्यासारखा भरीव होता.

"राहू दे," मी तिला म्हटलं. "मी बघते."

पहिली भीती वाटली ती कॅन्सरचीच. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप साधी रक्ततपासणी करून घेतली, ती व्यवस्थित आली, आणि मग डोकं हळूहळू चालायला लागलं. हा डाग नंतर पडलेला नव्हता. मी जन्मले तीच अशी. सातचा एक तुकडा तेरावर, तेराचा सातवर. हरवलेलं काहीच नाही, फक्त जागा बदललेल्या. अशा माणसाला आयुष्यभर काही होत नाही. तो रक्तदान करतो, डोंगर चढतो, माज करतो. फक्त त्याला मूल व्हायची वेळ आली की अदलाबदलीतला एकच तुकडा पुढे जाण्याचा धोका असतो, आणि मग ते पोटात टिकत नाही. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवत आले होते.

संशोधनातल्या नमुन्यावरून कोणाला काही सांगायचं नसतं, म्हणून मी बाहेरच्या एका दवाखान्यात रीतसर तपासणी करून घेतली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला भावंडं आहेत का? हे सहसा आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. भावंडांनी बघून घेतलेलं बरं."

मी म्हटलं, "एक भाऊ आहे. त्याचं बघून झालंय. नॉर्मल आहे." मी हे बोलले आणि बोलतानाच मला कळलं की तो रिपोर्ट मी कधी पाहिलेला नाही. वहिनीचा पाहिला होता. दादाचा नाही.

रविवारी सकाळी दादा बाइक घेऊन आरे कॉलनीत चालायला जातो. त्या रविवारी मी त्याच्या मागे बसून गेले. तबेल्यांच्या पुढे एक चहाची टपरी आहे, तिथे आम्ही बसलो. मी त्याला माझं सगळं सांगितलं. तो घाबरला, खरंच घाबरला. माझा हात धरून म्हणाला, "तुला काही होणार नाही ना?" माझा दादा वाईट माणूस नाही. मला राग येतो तेव्हा हे लक्षात ठेवावं लागतं.

"मला काही होणार नाही," मी म्हटलं. "दादा, तू ती टेस्ट कुठे केली होतीस?"

"कुठली?"

"वहिनीच्या डॉक्टरांनी सांगितलेली. दुसऱ्या वेळी."

"ती? मुलुंडला. नॉर्मल होती ना यार."

"मुलुंडला कुठे?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, परत उचलला. समोरून एक बस गेली. बस दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत होता.

"केलीच नाही मी," तो म्हणाला. "आई म्हणाली, देवाने कौल दिलाय, घराण्यात दोष नाही, मग कशाला उगाच. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. मी म्हटलं, माझाही नॉर्मल. विषय संपला."

"विषय संपला?"

"आणि माझ्यात काही निघालं असतं तर? लोक काय बोलले असते माहितीये ना तुला? बाईचं एक वेळ चालतं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. टपरीवर चार माणसं होती म्हणून नाही वाजवली. वहिनी तिसऱ्यांदा तयार झाली ती याच्या तोंडच्या एका शब्दावर. दोघंही नॉर्मल आहोत म्हणून. खरं कळलं असतं तर आज डॉक्टर गर्भ बाहेर वाढवून, तपासून, नीट असलेलाच आत ठेवतात. तिला ते करता आलं असतं. निदान तिची पिशवी तिच्याकडे राहिली असती. मी हे सगळं त्याला तिथेच सांगितलं, आणि माझा आवाज इतका वाढला की टपरीवाल्याने न मागता पाणी आणून ठेवलं.

दादाने रक्त दिलं. त्याने ते टाळलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. सात आणि तेरा, माझ्यासारखंच.

जिन्यातच तो म्हणाला, "तिला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"कशाला? ती शांत झालीये आता. सही करायला स्वतःहून तयार आहे. परत सगळं उकरून काढायचं? आणि हा माझा रिपोर्ट आहे. माझ्या परवानगीशिवाय तू कोणाला सांगू शकत नाहीस. तुमच्याच लाइनमधला नियम आहे ना?"

होता. माझ्याच तोंडून त्याने तो कधीतरी ऐकला असणार. मला त्या जिन्यात इतकं एकटं वाटलं की मी त्याला तिथेच सोडून उतरून गेले. तो सांगेल म्हणून मी वाट पाहिली. आठवडे गेले. वकिलाची तारीख ठरली. आईने कणकवलीकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मुलीचं पहिलं लग्न मोडलेलं, नोकरी करणारी. आई तिच्याबद्दल फोनवर बोलायची तेव्हा आवाजात कित्येक वर्षांत न ऐकलेली उमेद असायची. दादा जेवायचा, झोपायचा, लिफ्ट बघायला जायचा.

मग वहिनीचा मला फोन आला. रविवारी सामान न्यायला येते, तेव्हा घरी असशील ना, म्हणून. दादाला मी सांगितलं. त्या रविवारी तो मित्रांबरोबर मनोरीला गेला. मार्व्याहून होडी पकडून, मासे खायला.

ती आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने बाहेर येऊन पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत आत गेली. वहिनी आमच्या जुन्या कपाटासमोर खाली बसली आणि साड्या बाहेर काढायला लागली. ती बरीच बारीक झाली होती. मी लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी बसले.

दादाच्या रिपोर्टबद्दल मी एक अक्षर बोलणार नव्हते. तो त्याचा होता. पण माझं रक्त माझं आहे, ते मी कोणालाही दाखवीन.

"वहिनी, तुला काहीतरी दाखवायचंय. हा माझा नकाशा आहे. माझ्या रक्ताचा."

ती हसली. "अजून तेच करतेस? पदर कुठेय यात?"

मी तिला सात दाखवलं, तेरा दाखवलं. ते दोन डाग दाखवले. काय कशाला जोडलं गेलंय ते सांगितलं. मला काही त्रास नाही, पण मला मूल राहिलं असतं तर ते बहुतेक वेळा टिकलं नसतं, हेही सांगितलं. हे मी जन्मापासून घेऊन आले आहे, आई किंवा बाबांकडून, आणि अशा घरात दुसऱ्या भावंडात ते असण्याची शक्यता निम्मी. एवढं बोलून मी थांबले.

वहिनी गणिताची बाई आहे. तिने डागावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

"पण त्यांनी टेस्ट केली होती," ती म्हणाली. "नॉर्मल आली होती."

मी तिने काढलेल्या साड्यांची चळत सरळ केली.

"आली होती ना?"

मी तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची मला परवानगी नव्हती. तिने माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. तिच्या हातातली साडी मांडीवर पडली, आणि ती रडली नाही, नुसती "अगं आई गं" म्हणाली, पोटात कळ यावी तशी.

आई दारात उभी होती. किती वेळ ते आम्हाला कळलं नाही. ती पुढे आली, चष्मा लावून वाकली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्या एवढ्याश्या डागान?"

"हो," मी म्हटलं. "आपल्याकडून आलंय ते, आई. वहिनीकडून नाही. तिच्यात काही नव्हतं. कधीच नव्हतं."

मला वाटलं आता ती भांडेल, देवाचं नाव घेईल. आई खाली बसली. तिला खाली बसायला आता त्रास होतो, भिंतीला धरून बसली. म्हणाली, "माका झाली मा दोन? तशी हिका पण झाली असती."

"तशी म्हणजे?" वहिनीने विचारलं. "आई, तुमची किती गेली?"

हा प्रश्न मी माझ्या आईला कधी विचारला नव्हता. तो विचारायचा असतो हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आईने डाव्या हाताची बोटं उघडली आणि अंगठ्याने एकेक पेर मोजलं. "पैली दोन गेली. मगे ह्यो झालो. मगे एक गेला. मगे ही. मगे अजून एक." मग म्हणाली, "माजी सासू म्हणायची, हिच्या पोटात पाप आसा. माका खराच वाटला."

"आणि कौल लावलात तेव्हा?"

"तेव्हा मी ह्यांच्या घराण्याचा इचारलंय. माजा नाय इचारलंय. भिलंय."

ते तिच्याकडून आलं की बाबांकडून, हे आम्हाला आजही माहीत नाही. आईने रक्त दिलं नाही आणि मी मागितलं नाही. बाबांकडून आलं असलं तरी गेली ती तिचीच होती.

"मग मला का तसं वागवलंत?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला माहीत होतं ना कसं असतं ते?"

आई पदराने चष्मा पुसत राहिली. "माका वाटला, तू पण इसारशीत. मी इसारलंय तशी."

आणि मग तिने सांगितलं. पहिलं श्रावणात गेलं, नळाला पाणी नव्हतं, शेजारणीने दोन हंडे दिले. दुसरं शिमग्याला, चाळीत होळी पेटली होती आणि बाबा पाळीवर होते. दादाच्या पाठचं, ज्याला तिने मनात नाव पण ठेवलं होतं. माझ्या पाठचं. एकाचाही महिना सांगताना ती चुकली नाही. वहिनी ऐकत होती. मग वहिनीने तिची तिन्ही सांगितली. मी तिथे होते, पण त्या दोघी माझ्याशी बोलत नव्हत्या. मला माझ्या आईचा भयंकर राग आला होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी यातलं काहीच केलं नाही.

संध्याकाळी वहिनी निघाली. दारात ती मला म्हणाली, "सही मी करणारच आहे. तुझ्या दादाला सांग, त्यांना मूल व्हावं म्हणून नाही करत." मी तिच्या बॅगा खाली रिक्षापर्यंत नेल्या. रिक्षात बसल्यावर तिने माझा गाल धरला आणि म्हणाली, "तुला भीती वाटली असेल ना गं, ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा?" मला तोवर कोणीही हे विचारलं नव्हतं.

वर आले तर आई कपाटाचं दार लावत होती. वहिनीचा कप्पा रिकामा होता आणि आईने त्यात नवीन कागद घातला होता. मला वाटलं ती आता काहीतरी चांगलं बोलेल. दिवसभर जे झालं त्यानंतर तेवढी आशा करायला हरकत नव्हती.

"त्या कणकवलीच्या पोरीच्या घरात ह्यातला काय बोलू नको हां," आई म्हणाली.

"आई."

"तेचो संसार पुन्ना उभो रवाक नको?"

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या गच्चीवर जाऊन त्या कणकवलीच्या मुलीला फोन केला. दादाबद्दल बोलले नाही. मी मुलाची बहीण, माझ्या रक्तात असं असं आहे, तुम्ही लग्नाआधी डॉक्टरांना विचारून घ्या, एवढंच सांगितलं. सात आणि तेरा हे आकडे पलीकडे तिने लिहून घेतले. मग "थँक यू ताई" म्हणाली. स्थळ मागे फिरलं. दादाला कारण कळलं, आईलाही. माझा नमुना आम्ही अभ्यासातून काढला आणि त्या जागी दुसऱ्या एका मुलीचं रक्त घेतलं. ती निरोगी आहे असं धरून चाललो आहोत.

घरात आता आम्ही तिघं. जो तो आपल्या वेळेला जेवतो, पानं तीन वेळा वाढली जातात. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो, आई तेवढंही नाही. वहिनीने सही केली, शाळा बदलली, बोरिवलीतच राहते. ती मला अधूनमधून फोन करते आणि आधी आईचे गुडघे कसे आहेत ते विचारते. मी मोठ्याने सांगते. तिचा फोन आला की आई टीव्हीचा आवाज बारीक करते.